निवारण झाले आहे

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास नगरपंचायतीच्या तक्रार कक्षातला फोन वाजला. भारतीने सवयीने उचलला, आणि पलीकडून एक म्हातारा आवाज म्हणाला, "हं… तर." पुढे तो माणूस आपल्या फाटकासमोरच्या गटाराच्या फुटक्या झाकणाबद्दल बरंच काही बोलत राहिला, पण पहिलं मिनिटभर तिच्या कानात काही शिरलंच नाही. ओळख आधी पटली ती तिच्या पायांना. टेबलाखाली चपलांतून सुटलेली तिची पावलं आपोआप जवळ आली, टाचा जुळल्या, पाठ सरळ झाली. पस्तीस वर्षांची बाई, समोर कॉम्प्युटर, गळ्यात ओळखपत्र, आणि अंग मात्र प्रार्थनेच्या रांगेत उभं. 'हं… तर', आणि लगेच जीभ टाळूला लागून होणारा तो बारीकसा चट् आवाज. एकवीस वर्षांत तिने तो कुणाच्याही तोंडून ऐकला नव्हता. "नाव सांगा," ती म्हणाली. "रवींद्र सर म्हणतात मला इथं. आश्रमशाळेचा निवृत्त अधीक्षक. सुरूबंदरला घर घेतलंय, चिकूच्या वाडीमागं, शेवटची गल्ली." तो जरा थांबला. "बाई, रोज सकाळी घंटागाडीवर बोलता त्या तुम्हीच ना? आवाज ओळखला मी. काय शुद्ध बोलता हो! हल्ली असं कानावर पडत नाही. कुठल्या तुम्ही?" भारतीने पेनाचं टोपण लावलं, काढलं. "इथलीच," ती म्हणाली.

सुरूबंदर हे डहाणूच्या उत्तरेचं किनाऱ्यावरचं गाव, नगरपंचायत होऊन त्याला सहाच वर्षं झाली होती. पाणी किती वाजता येणार, कुठला रस्ता खोदला आहे, लसीकरण कुठल्या अंगणवाडीत आहे, हे सगळं भारती आदल्या दिवशी लिहून काढायची, मोबाइलवर आपल्या आवाजात भरायची आणि सकाळी कचऱ्याची गाडी तोच आवाज घेऊन गल्लोगल्ली फिरायची. सर्व नागरिकांना कळविण्यात येते की. बोंबील वाळत घालणाऱ्या बायका हात न थांबवता ऐकायच्या. बाजारात कुणी तिला म्हणायचं, गाडीवाली बाई ना तुम्ही? तिला ते आवडायचं. आपल्या अंगात उघड अभिमान वाटावा अशी हीच एक गोष्ट आहे, असं ती मनात धरून होती. आता फोन ठेवल्यावर तिला वाटलं की रोज सकाळी सात वाजता हा माणूस अंगणात खुर्ची टाकून बसत असणार आणि आपण त्याला ऐकवत असणार. त्याने घडवलेलं त्यालाच ऐकवत असणार. कारण हा आवाज त्याचाच होता. सातवीत असताना ती एकदा 'हाय' म्हणाली होती, 'पाणी हाय' एवढंच, आणि त्याने तिला अडीचशे मुलींसमोर उभं करून पन्नास वेळा 'आहे' म्हणायला लावलं होतं. पंचविसाव्या 'आहे'ला मुली हसायच्या थांबल्या, चाळिसाव्याला तो शब्द तिच्या तोंडात नुसता थुंकीसारखा झाला. पन्नासावं 'आहे' झाल्यावर तो म्हणाला होता, "आता कशी माणसात आलीस." नंतर ती खरंच इतकी माणसात आली की नववीत त्यानेच तिला तलासरीच्या वक्तृत्व शिबिराला पाठवलं. पाच दिवस. ती पहिली आली. पितळी चषक घेऊन जीपमधून उतरली, तर फाटकाशी सगळे गप्प उभे होते, आणि हिरू नव्हती.

हिरू तिची धाकटी बहीण, पाचवीतली. भारती चषक जिंकत होती त्याच पाच दिवसांत तिला ताप चढला आणि चौथ्या दिवशी जीपने दवाखान्यात नेताना कासाच्या अलीकडेच ती गेली. वसतिगृहाच्या हजेरीपुस्तकात मात्र लिहिलं होतं, बारा जानेवारीपासून रजेवर, घरी. पंधरा तारखेला सकाळी आजारी अवस्थेत फाटकाशी सापडली. निळ्या शाईत, त्याच्या टपोऱ्या अक्षरात, एक काना मात्रा इकडचा तिकडे नाही. चौकशीला आलेल्या साहेबांनी तीच ओळ वाचून दाखवली होती आणि खाली आईचा अंगठा घेतला होता. आई जमना आणि बाप हाल्या तेव्हा वीटभट्टीवर होते, दिवाळीनंतर सगळा पाडाच तिथं असायचा. सायवनच्या वरच्या अंगाला त्यांची कुडाची झोपडी, दार तारेनं बांधून गेलेली. म्हणजे पोर तापाने फणफणत घरी आली, दार बांधलेलं बघितलं, तीन दिवस तिथंच दाराशी पडून राहिली आणि मग पुन्हा शाळेकडे चालत गेली. असं कुणी तोंडाने म्हणालं नाही, पण कागदातून तेच निघत होतं, आणि आईने तेच आयुष्यभर पाहिलं. ती परत कधी भट्टीवर गेली नाही. त्या दिवसापासून तिने घराचं दार बांधलं नाही. पाण्याला गेली, बाजाराला गेली, हाल्याला जाळायला माणसं घेऊन गेली तेव्हासुद्धा दार सताड उघडं. कुत्री आत शिरून भाकरी पळवायची. भारतीने पत्र्याचं दार आणि कडी बसवून दिली, तर आईने कडीच काढून टाकली.

सहा वर्षांपूर्वी कासाच्या बाजारात वसतिगृहाची जुनी स्वयंपाकीण भेटली होती, भिकी. सुक्या मिरच्यांचा वाटा घेता घेता ती सहज बोलून गेली, "ती कुठं घरी गेली व्हती? कोठारात व्हती ना, तांदळाच्या पोत्यांमागं. तपासणीवाले यायचे व्हते, त्यांना आजारी पोर दिसू नये म्हणून. मीच पेज नेऊन देत व्हते." भारतीने तिथल्या तिथे जीप पकडली आणि घर गाठून आईला सांगितलं. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भिकीला काय लिवता येतं? कागदात हाय तेच खरं. माझा अंगठा हाय त्याच्याखाली." त्या उत्तराचा भारतीला इतका राग आला होता की ती न जेवता परत निघाली. पण राग आईवर किती दिवस ठेवणार? तो फिरून फिरून त्या टपोऱ्या अक्षरांपाशी येऊन बसायचा. माणूस कुठे राहतो माहीत नव्हतं, जिवंत आहे का तेही नाही. राग मात्र होता. घरात कायमचा आलेला पाहुणा असावा तसा, कोपऱ्यात, कुणाला त्रास न देता, पण कधीच न उठता.

त्या सोमवारी तिने त्याची तक्रार रीतसर कॉम्प्युटरवर चढवली. वॉर्ड चार, गटाराचे झाकण तुटलेले, अपघाताची शक्यता. पुढची पायरी म्हणजे ती बांधकाम विभागातल्या मुकेशकडे पाठवायची. मुकेश झाकण बसवून आला की शेवटच्या रकान्यात लिहायचं, निवारण झाले आहे. भारतीचं बोट मधल्या पायरीवर थांबलं आणि मग तिने सरळ शेवटचा रकाना उघडला. किती सोपं होतं. एक ओळ. लिहिताना छातीत काहीतरी सैल झालं, ओल्या कपड्याची गाठ सुटावी तसं. संध्याकाळी त्याच्या मोबाइलवर संदेश गेला असणार, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, धन्यवाद. घरी जाताना तिने बाजारातून कोलंबी घेतली आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

गुरुवारी त्याचा फोन आला. "बाई, काहीतरी घोटाळा दिसतोय. झालं म्हणून कळवलंय, पण झाकण काही बसलेलं नाही." ती शांतपणे म्हणाली, "नोंदीत तर झालेलं आहे, सर." "अहो, पण मी इथं उभा राहून बघतोय." "मी कागदावर बघतेय, सर. कागदावर आहे." तिने त्याचा श्वास ऐकला, तोंडाने घेतलेला, म्हाताऱ्या माणसाचा. "बरं, परत नोंदवा," तो म्हणाला. तिने परत नोंदवली आणि परत मिटवली. आणखी दोन आठवड्यांनी तिसऱ्यांदा. त्या वेळी त्याचा आवाज लहान झाला होता. "बाई, तुम्ही एकदा येऊन बघता का? मला आता असं वाटायला लागलंय की मलाच नीट दिसत नाही." हे ऐकून तिला झालेला आनंद तिने नंतर पुष्कळ वेळा तपासून पाहिला. तो खरा होता, स्वच्छ होता. आपण डोळ्यांनी बघतो ते खोटं आणि कागद खरा, हे एका माणसाला तीन आठवड्यांत कळत होतं. आईला एकवीस वर्षं झाली होती. तिला वाटलं, अजून थोडं. या दिवसांत घंटागाडीवरचा तिचा आवाज जास्तच गोड झाला होता, असं ऑफिसात सगळे म्हणाले.

चौथा फोन आलाच नाही. त्याऐवजी तो स्वतः आला. काउंटरच्या काचेपलीकडे एक बुटका, वाळलेला माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानात मशीन, हातात प्लास्टिकची पिशवी. तिच्या आठवणीतला माणूस दरवाजात मावत नव्हता. हा काचेच्या अर्ध्यापर्यंतच येत होता. "माझी बायको पडली हो त्या गटारात," तो म्हणाला. "परवा. दूध घेऊन येत होती. घोट्याचं हाड मोडलंय, प्लास्टर घातलंय." पिशवीतून त्याने एक्स-रे काढून दाखवला, जणू पुरावा मागितला जाणार हे त्याला आता माहीतच होतं. त्या निळसर पातळ कागदावर एका बाईचा पाय होता. भारतीने त्याच्याकडे पाहिलं. तीन आठवडे तिच्या डोक्यात फक्त हा माणूस होता, एक अंगण, एक खुर्ची, एक फुटकं झाकण. त्या घरात कुणी बायको दूध आणायला उठते, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. तिला पश्चात्ताप झाला असं नव्हे, पण आनंदाची चव मात्र तोंडातून गेली होती. आणि ती चवही याच माणसाने घालवली, असं वाटून राग दुप्पट झाला. तिने त्याला दार उघडून आत घेतलं, आपल्या टेबलासमोर बसवलं, आणि दार लोटून घेतलं.

"तुमची तक्रार मीच मिटवली," ती म्हणाली. "तिन्ही वेळा. झाकण कुणी बसवायला गेलंच नव्हतं."

त्याने कानातलं मशीन चाचपलं. "का?"

"लेखी अर्ज द्यावा लागेल," ती म्हणाली आणि कोरा कागद त्याच्यासमोर सरकवला. "मी सांगते, तुम्ही लिहा."

तो गोंधळला, पण लिहायला सांगितल्यावर त्याचा हात आपोआप पेनाकडे गेला. भारतीने सावकाश, गाडीवर बोलायच्या आवाजात सुरुवात केली. "मी, रवींद्र, आश्रमशाळेचा तत्कालीन अधीक्षक, लिहून देतो की." तो लिहू लागला. अक्षर तेच होतं, जरा थरथरतं, पण टपोरं. "इयत्ता पाचवीची विद्यार्थिनी हिरू हाल्या ही दिनांक बारा जानेवारीपासून रजेवर नव्हती." पेन 'हिरू'पाशीच अडलं. त्याने चष्मा काढला, तिच्याकडे पाहिलं, आणि तिला भीती वाटली होती तेच झालं. तो खूश झाला. "भारती! तू भारती! वक्तृत्वाची. अगं, तालुक्यात पहिली आली होतीस. मीच पाठवलं होतं तुला." मग हसू ओसरलं. त्याला बाकीचंही आठवलं असावं. "ती बहीण तुझी," तो हळू म्हणाला. "संस्थेनं सांगितलं होतं तसं लिहायला. शाळेची मान्यता गेली असती. अडीचशे मुली होत्या, भारती. त्या कुठं गेल्या असत्या?"

"माझी आई कुठं गेली ते तुम्हाला माहीत आहे?" तिचा आवाज फाटला, आणि फाटल्या जागेतून एकवीस वर्षांत घराबाहेर कुणासमोर न काढलेली बोली बाहेर पडली. "दार उघडं टाकून ऱ्हाते ती. पोर दारात येऊन परत जाईल म्हणून. लिव तू. कोठारात व्हती म्हणून लिव."

चुकीचं बोललीस, असं म्हणायला ओठ हलल्यासारखे वाटले, पण तो बोलला नाही. खाली वाकला आणि लिहू लागला. लिहिताना जुन्या सवयीने स्वतःशी पुटपुटत होता, "वसतिगृहाच्या… ति ऱ्हस्व… कोठारात होती." ते ऐकून भारतीला समोरचं टेबल उलटं करावंसं वाटलं. पोर मेल्याची ओळ आणि हा ति ऱ्हस्व ठेवतोय. पण तिने हात मांडीखाली दाबून धरले आणि शेवटपर्यंत सांगितलं. तपासणी पथकाला आजारी मुलगी दिसू नये म्हणून. घरी पाठवले नव्हते. पालकांना कळवले नव्हते. नोंद खोटी होती, ती मी केली. त्याने खाली सही केली, तारीख घातली, मग कागद पुन्हा वाचून एका ठिकाणी स्वल्पविराम दिला. उठताना पिशवी सावरत म्हणाला, "आता झाकण बसेल ना? ती घरात एकटी असते दिवसभर." भारतीने होकार दिला. तिने मुकेशला त्याच्यासमोरच फोन केला, दुपारी झाकण बसलं, आणि या वेळी शेवटच्या रकान्यातली ओळ खरी होती. तीन खोट्या नोंदींबद्दल त्याने कुणाकडे तक्रार केली नाही. तिनेही स्वतःहून सांगितलं नाही.

शनिवारी ती घरी गेली. डहाणूपर्यंत रिक्षा, पुढे बस, कासाहून जीप. कागद ब्लाउजमध्ये, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. सबंध वाट ती मनातल्या मनात वाचन करत होती. कुठे थांबायचं, कुठला शब्द उंच घ्यायचा. आई अंगणात नागली पाखडत होती. भारती तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिने वाचून दाखवलं, आपल्या बोलीत करून. आईचं सूप थांबलं. "त्यानं लिवलं?" "त्याच्याच हातानं. सही हाय खाली." आईने कागद घेतला, उलटा सुलटा केला, सहीवर अंगठा ठेवून पाहिला. "म्हणजे ती दारात आली नव्हती." "नव्हती आये. कधीच नव्हती." भारती वाट पाहत होती की आता आई रडेल, आता सैल होईल, आता उठून ते दार लोटून घेईल. आईने तसं काही केलं नाही. तिने नागलीत बोटं फिरवली आणि विचारलं, "कोठाराला कडी बाहेरून व्हती काय?"

हा प्रश्न भारतीने स्वतःला कधी विचारलाच नव्हता. भिकीलाही विचारला नव्हता. तिला नोंद खोटी पाडायची होती, ती पाडली होती, आणि आत काय होतं ते पाहायला ती थांबलीच नव्हती. आईने मात्र एका क्षणात जुनं दार टाकून दिलं आणि नव्या दारापाशी जाऊन ती उभी राहिली होती. "माहीत नाय, आये," ती म्हणाली. आईने सूप भिंतीला टेकवलं, लुगडं झटकलं. भारतीने तिचा चेहरा पाहिला आणि तिला तो ओळखू येईना. इतकी वर्षं त्या चेहऱ्यावर नुसती शरम होती, खाली बघणारी. आता ती मान वर होती. "कुठं ऱ्हातो तो?" आईने विचारलं. "मला ने."

रविवारी सकाळी दोघी चिकूच्या वाडीमागच्या शेवटच्या गल्लीत शिरल्या. फाटकासमोर नवं सिमेंटचं झाकण होतं. आई त्यावरून चालत गेली आणि ओट्यावर जाऊन बसली. रवींद्र सर वर्तमानपत्र घेऊन बाहेर आले आणि उभेच राहिले. त्यांच्या मागे, खोलीच्या दारात त्यांची बायको संगीता खुर्चीवर बसली होती, पाय स्टुलावर, गुडघ्याखाली पांढरं प्लास्टर. भारतीने तिथून नजर काढून घेतली. तक्रार कुणी मिटवली ते सरांनी घरात सांगितलं नव्हतं, हे त्या बाईच्या हसऱ्या चेहऱ्यावरून कळत होतं. "या ना, आत या," ती म्हणाली. "कोण पाहिजे तुम्हाला?"

"मी हिरूची आय," जमना म्हणाली. तिच्या बोलीत मोठ्या माणसालाही 'तू'च होतं आणि तिने ते बदललं नाही. ती सरांकडे वळली. "माझी पोर तीन दिस तुझ्याकडं व्हती. मी नव्हते. काय झालं ते तुलाच माहीत. सांग मला."

"किती वर्षं झाली, बाई," सर म्हणाले. "आता काय आठवणार…" त्यांनी भारतीकडे पाहिलं. ती नजर भारतीने ओळखली. शब्द न सुचलेली मुलगी रांगेतून त्यांच्याकडे बघायची, तशीच. तिच्याकडे शब्द होते. वाक्यच्या वाक्यं होती, वीस वर्षं घासून ठेवलेली. यातलं एकही आता तिचं नव्हतं, आणि तिने तोंड मिटून ठेवलं.

"कोण हिरू?" संगीताबाईंनी विचारलं. त्यांनी आळीपाळीने तिघांकडे पाहिलं, नवऱ्यावर नजर जास्त वेळ थांबली, आणि चेहऱ्यावरचं हसू हळूहळू निघून गेलं. दोन्ही हातांनी प्लास्टरचा पाय उचलून त्यांनी तो स्टुलावरून खाली घेतला, खुर्चीचे हात धरून ती फरशीवर करकरत फिरवली, आणि नवऱ्याच्या अगदी समोर तोंड करून बसल्या.

"कडीपासून सांग," जमना म्हणाली. "मग तिनं काय मागितलं ते सांग. घाई नाय मला. मी बसलेय."